चौथं खापर टिकलं, आणि फळी अर्धी रिकामी झाली

मांडे भाजायचं मातीचं खापर मी घरीच घडवतेय, आणि आधीची टिकली नव्हती. चौथं खापर टिकलं! रविवारी मावशीने ते चुलीवर पालथं घातलं, पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि ओळीने अकरा मांडे उतरवले. प्रत्येक मांडा पडला की मी कान देऊन बसायचे. तिसऱ्या खापराने दुसऱ्याच मांड्याला ‘टक्’ केलं होतं आणि काठापासून मध्यापर्यंत चीर गेली होती, ते मागे लिहिलंच आहे. या वेळी अकराव्या मांड्यानंतरही आवाज नाही. गार झाल्यावर बोटाने वाजवून पाहिलं, खणखणीत.

फरक एकाच गोष्टीचा आहे. माती तीच, थापटणंही तेच, फक्त या वेळी गाऱ्यात पाचवा हिस्सा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, घातला. आणि तो ग्रॉग आला माझ्याच जुन्या भांड्यांतून.

आधी माती किती आक्रसते ते बघायला केलेल्या पट्ट्यांचे आकडे. ओल्या पट्टीवर दहा सेंटीमीटरची रेघ मारून वाळवली, तर नुसत्या काळ्या मातीची रेघ ८.७ वर आली. निम्मा बोरी नदीचा पोयटा घातला तर ९.१. त्यातच ग्रॉग घातला तर ९.४. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते थरांच्या मध्ये पाणी धरून फुगतं आणि पाणी गेलं की तितकंच आक्रसतं. उन्हाळ्यात शेताला पाय अडकेल अशा भेगा पडतात, तेच भांड्यात घडतं. ग्रॉग एकदा भाजून निघालेला असतो, त्यामुळे तो आक्रसत नाही. पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते, आणि चीर सुरू झालीच तरी दाण्यापाशी अडते. खापराला खालून जाळ आणि वरून ओला मांडा, असा दुहेरी मार असतो. तिथे ही अडवणूकच कामाला येते.

तयार ग्रॉगही एकदा मागवला होता. पाच किलो, आणि मालापेक्षा वाहतूक महाग. पांढरा, धारदार दाणा, थापटताना तळहात सोलून निघाले. पुन्हा मागवणार नाही. कुंभारवाड्यातल्या बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, “पोरी, आपल्या मातीला आपलीच खापरी घाल.”

म्हणजे फळीवर हात घालणं आलं. तीन वर्षांची त्रेचाळीस भांडी. त्यातली नऊ कच्ची होती, ती सरळ बादलीत बुडवली. दोन दिवसांत गारा झाला. त्यांचं काही वाटलं नाही, कारण ती माती पुन्हा हातात येते. भाजलेल्यांचं तसं नाही. साधारण सहाशे अंशांच्या पुढे गेलेली माती पाण्यात कितीही ठेवा, परत मऊ होत नाही. ती एक तर भांडं म्हणून राहते, नाही तर चुरा होते.

माझा बेत सोपा होता. वाकडी, जाड, पहिल्या वर्षाची कुटायची आणि चांगली ठेवायची. मावशीही म्हणालीच, “हाई ठेईसन काय करशी?” (हे ठेवून काय करशील?) पण चुनखडीने सगळं उलटं केलं. पहिल्या वर्षी मी माती नीट चाळतच नव्हते. चुनखडीचे खडे तसेच आत राहिले आणि नऊशे अंशांच्या भाजणीत त्यांचा कळीचा चुना झाला. मग हवेतला ओलावा पिऊन ते फुगले आणि पंधरा दिवसांनी भांड्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचे टवके उडाले. अशा भांड्याचा चुरा नव्या खापरात घातला की चुनाही सोबत जातो, आणि पुढच्या भाजणीनंतर तेच टवके.

म्हणून प्रत्येक भांड्याची कड थोडी फोडून तिथे व्हिनेगरचे थेंब टाकले. जिथे बुडबुडे आले, ते भांडं बाजूला. चौतीसपैकी एकोणीस फसफसली. उरलेली पंधरा स्वच्छ होती, आणि नेमकी तीच माझी लाडकी. त्यांत दुसऱ्या वर्षाची सुरई होती. धार तुटून एक थेंबही खाली न ओघळणारी माझी पहिली सुरई. दोन दिवस ती खलबत्त्याशेजारी तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी कुटली. (कुटताना पाणी मारा आणि नाकाला ओलं फडकं बांधा. ही धूळ छातीला वाईट. नंतर रव्याच्या चाळणीने चाळून घ्या, पीठ बाजूला काढा.)

एक गोष्ट मात्र केली. प्रत्येक भांड्याच्या काठाचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवून दिला. त्यावर पेन्सिलीने माती, महिना आणि भाजणी लिहिली. काठावरून तोंडाचा घेर काढता येतो, जाडी आणि हाताची सवय कळते. गिरणाकाठच्या बहाळला १९५२-५३ साली आणि तापीकाठच्या प्रकाशाला १९५४-५५ साली उत्खननं झाली, तिथलेही थर खापरांच्या तुकड्यांवरूनच लावले गेले. सावळद्याच्या गावावरून तर एका रंगीत मातीकामाच्या परंपरेलाच नाव मिळालं. माझे पंधरा तुकडे आता बुटांच्या एका खोक्यात मावतात, आणि सुरईचा काठ बघितला की हात कसा फिरला होता ते मला पूर्ण आठवतं.

उरलेली एकोणीस टाकून द्यायची, असं लिहायलाच बसले होते, पण लिहितालिहिताच एक सुचलं. चुनखडीचा कळीचा चुना होतो तो मोठ्या भाजणीत. खापर सातशेच्या आतच ठेवलं तर? या भांड्यांतला चुना एवढ्या वर्षांत हवेतून पुन्हा चुनखडीकडे वळलाय, म्हणून तर व्हिनेगर फसफसलं. सातशेखाली तो तसाच राहायला हवा. आवा (उघडी भट्टी) लावून भाजणारे जुने कुंभार कमी आचेवरच काम करतात, आणि त्यांची खापरं वर्षानुवर्षं मांडे सोसतात. मी मात्र पायरोमीटर (भट्टीची आच मोजायचं यंत्र) आणल्यापासून नऊशेच्याच मागे लागले होते.

म्हणून एकोणीसपैकी एकच वाडगा कुटला आहे, सर्वांत जास्त टवके उडालेला. त्याचा चुरा मातीत घालून तीन पट्ट्या केल्या. एक सहाशे पन्नासला, एक सातशेला, एक साडेआठशेला भाजीन आणि महिनाभर ओल्या फडक्याशेजारी ठेवीन. बाकी अठरा तोवर फळीवरच. पट्ट्या तग धरून राहिल्या, तर आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) खापर क्रमांक पाच याच चुऱ्याचं. सध्या त्या केळीच्या पानांत गुंडाळून माठाशेजारी वाळताहेत. बाहेर बेचाळीस अंश आहेत, उघड्यावर ठेवल्या तर संध्याकाळपर्यंतच तडकतील.