वही मिटली तिनं
"तिथे आमच्यातलं कोणी नसतं."

आज इथे न्यू जर्सीतल्या शाळेत गणिताच्या तासाला मदतीला गेले होते, आठवीतली एक आफ्रिकन-अमेरिकन मुलगी भराभर समीकरणं सोडवत होती म्हणून सहज विचारलं, पुढच्या वर्षी ऑनर्सचा (वरच्या पातळीचा) वर्ग घेणार ना? तर हे म्हणाली आणि वही मिटली.

ते वही मिटणं डोळ्यासमोरून जातच नाहीये.

माझ्या लेकीला शिक्षकांनी स्वतःहून सांगितलं होतं, ऑनर्सला नाव दे म्हणून, आणि आम्ही ते सगळं तिच्या हुशारीचंच समजत राहिलो. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, पण एकाच छपराखाली वर्ग वेगळे दिसतातच ना अजून.

उद्या त्या मुलीच्या सरांशी बोलणार आहे. पण हे तिला आधीच कोणी का नाही विचारलं?