क्रम्ब कॉमिक, नोंद ६ : पान चार अखेर सुटलं

पाच आठवड्यांत अडीच पानं. लग्नसराईत गणपती पेठेतल्या आमच्या प्रेसवर पत्रिकांचा ढीग असतो, त्यामुळे यापेक्षा जास्त होणार नव्हतंच.

नव्यांसाठी : अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या आयुष्यावर १६ पानी, ए-५ आकाराचं कॉमिक करतोय. झेरॉक्स काढायची, घडी घालायची, मध्ये पिन मारायची. (आधी १४ पानं ठरवली होती. घडीचं काम चाराच्या पटीत चालतं हे छपाईत एवढी वर्षं काढूनही विसरलो.)

पान चार म्हणजे १९६२, क्लीव्हलंड. क्रम्ब अमेरिकन ग्रीटिंग्ज या शुभेच्छापत्रांच्या कंपनीत लागला, आधी रंग वेगळे करण्याच्या विभागात, मग कार्डांची चित्रं काढायला. वरच्यांना त्याची चित्रं बेढब वाटायची, म्हणून गोंडस काढायची सवय लावली. माझ्या मते पुढचा सगळा क्रम्ब इथेच घडला. त्याची माणसं दिसायला गुबगुबीत, गोलमटोल. आणि तोंडून बाहेर पडतं ते भलतंच! मला हे पान सोपं जायला हवं होतं. दिवसभर मीही कलश, तोरण आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ एवढंच लावत असतो. तरी तीनदा फाडलं. टेबलावर वाकलेली त्याची पाठ जमेना. शेवटी भाच्याला मोबाईल देऊन माझाच फोटो मागून काढायला लावला. पाठ जमली. फोटो कुणाला दाखवणार नाही.

आता रेघांबद्दल. मी निब आणि शाई वापरतोय, कार्ट्रिज पेपरवर. सावलीसाठी रेघांचे थर एकावर एक टाकतो. दुसरा थर पहिल्यावर काटकोनात टाकला की खिडकीची जाळी दिसते. थोडा तिरका टाकला तर सावली उतरते. पहिला थर वाळू द्या. पाऊस सुरू झाल्यावर तर जास्तच, दमट कागदावर शाई फुटते. मूळ पान ए-४ वर आहे, ते ७१ टक्क्यांवर आणलं की जवळच्या रेघा मिटून काळा डाग होतो. आधी एक कोपरा लहान करून बघा. मी पाहिला नाही, म्हणून क्रम्बची टोपी काजळली.

आणि एक फजिती. पान दोनचं मूळ एका झेरॉक्सवाल्याच्या काचेखाली राहिलं आणि मी प्रत घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी मूळ गायब. २०१९ च्या पुरानंतर मी सगळे कागद माळ्यावर ठेवतो, कृष्णेपासून वाचवलेलं पान काचेखाली गेलं! मग आठवलं, क्रम्बच्या ‘झॅप’ या कॉमिकचा पहिला तयार अंक असाच गेला होता. प्रकाशक मूळ पानं घेऊन नाहीसा झाला. क्रम्बने दुसरा अंक काढला, तोच १९६८ मध्ये ‘झॅप १’ म्हणून आला. जुन्याच्या झेरॉक्स हाताशी होत्या, त्यावरून तो नंतर ‘झॅप ०’ झाला. मीही प्रतीवरूनच गिरवलं.

पान सातवर त्याची बायकांची आणि कृष्णवर्णीयांची चित्रं येतात. काही सरळ ओंगळ आहेत. ती वगळून त्याचं कॉमिक करणं मला पटत नाही, पण माझ्या हाताने पुन्हा काढायचीही नाहीत. बहुधा ती बघणाऱ्यांचे चेहरेच काढीन.

त्याआधी पान पाच : सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट स्ट्रीटवर बाबागाडीतून विकायला निघालेला ‘झॅप’. जुन्या घाटाची बाबागाडी डोळ्यांसमोर हवी. शेजारच्या आजींच्या माळ्यावर एक आहे म्हणतात. रविवारी शिडी घेऊन जातोय.