तुम्ही विचारलंत म्हणून: लिमात पाच दिवस कशाला?

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गेलं वर्षभर एकच प्रश्न. "पेरूला गेलात, माचूपिचू पाहिलंत, ते समजलं. पण राजधानी लिमात पाच दिवस? आणि तेही तसल्या महागड्या हॉटेलात?" त्यामागून हमखास दुसरा: "पेरूत पेरू खाल्लात का?" खाल्ला. तिथे त्याला ग्वायाबा म्हणतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिफ्टमध्ये मावत नाही, आमचा मजला चौथाच आहे. म्हणून लिहूनच टाकते.

आधी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. लग्नाला तीस वर्षं झाली, या खेपेला हात आखडायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. मिराफ्लोरेस हा लिमाचा कड्यावरचा श्रीमंत भाग. तिथल्या एका हॉटेलात समुद्र दिसणारी खोली घेतली, मागच्या बाजूच्या खोलीच्या जवळजवळ दीडपट भाडं देऊन. महिना जुलैचा. पहिल्या सकाळी पडदा सरकवला तर बाहेर आणखी एक पडदा, पांढरा, आणि तो काही सरकेना. खालून लाटांचा आवाज मात्र येत होता. नवरा म्हणाला, "आवाजाचे पैसे भरलेत असं समजू." पाच दिवसांत समुद्र एकदा दिसला, दुपारी, वीसेक मिनिटं. तेव्हा आम्ही टॅक्सीत होतो.

लिमा विषुववृत्ताच्या खाली साधारण 12 अंशांवर आहे. आपलं मंगळूर जेवढं वर, जवळपास तेवढंच ते खाली. नकाशा बघून मी सुती कपडे भरले आणि तिथे उतरल्यावर पहिल्यांदा स्वेटर विकत घेतला. किनाऱ्यालगत हंबोल्टचा थंडगार प्रवाह वाहतो, त्यामुळे साधारण जून ते ऑक्टोबर शहरावर ढगांचं झाकण बसलेलं असतं. लिमाकर त्या आभाळाला 'गाढवाचं पोट' म्हणतात, आणि रंग अगदी तोच. त्यातून झिरपतं ती गारुआ. तिला पाऊस म्हणवत नाही, चष्मा पुसावा लागतो एवढंच. माचूपिचूचा कोरडा हंगाम नेमका याच महिन्यांत येतो, आणि डिसेंबर ते मार्च लिमात ऊन असतं तेव्हा डोंगरात पाऊस. दोन्ही एका तिकिटात बसत नाही, हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही.

पण एवढे ढग असूनही तिथे पाऊस पडत नाही, आणि मी पाच दिवस त्याच गोष्टीला चिकटून बसले. वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत आठशेच्या वर पडतो. घरांची छपरं सपाट, पन्हळ कुठेच नाही. मी रत्नागिरीकडची, मला पन्हळ नसलेलं घर अर्धवट सोडल्यासारखं वाटतं.

मिराफ्लोरेसच्या ऐन वस्तीत, उंच इमारतींच्या मध्ये, वाका पुक्याना नावाचा मातीचा पिरॅमिड आहे. माचूपिचू बांधणाऱ्या इंकांच्या कितीतरी आधीचा, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. कच्च्या, न भाजलेल्या विटांचा. आपल्याकडे असला डोंगर दोन पावसाळ्यांत शेतात वाहून गेला असता. जवळ जाऊन पाहिलं तर विटा आडव्या नाहीत, कपाटात पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावल्यात, मध्ये फटी ठेवून. धरणीकंप आला की विटा जरा हलतात, पुन्हा आपल्या जागी बसतात. 1746 च्या भूकंपाने स्पॅनिशांचं शहर जवळजवळ सगळं लोळवलं. मग त्यांनीही वेळू आणि मातीच्या हलक्या कमानी उभ्या केल्या. पिरॅमिडच्या पायथ्याशी एक झकास रेस्टॉरंट आहे, रात्री पिरॅमिडवर दिवे लावतात. पैसे टाकायचे तर तिथे टाका.

जुन्या शहरातले लाकडी सज्जे सगळे बघतात, तुम्हीही बघाल. आपल्या वाड्यांच्या सज्ज्यासारखे नाहीत ते, कोरीव कपाट भिंतीला लटकवल्यासारखे. पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोने 1535 साली शहर वसवलं तेव्हा ज्या घराण्याला वाटा मिळाला, त्या आल्यागा घराण्याचं घर अजून त्यांच्याच ताब्यात आहे. आधी ठरवून आतून बघता येतं. बाकी चर्चं मी भराभर उरकली.

लार्को संग्रहालयात मात्र अर्धा दिवस गेला. 1926 साली सुरू झालेलं, अठराव्या शतकातल्या हवेलीत, भिंतींवर बोगनवेल ओसंडलेली. सोनं बघायला झुंबड असते, आम्ही कोठारात रमलो. हे कोठार लोकांना खुलं आहे: छतापर्यंत काचेची कपाटं आणि त्यांत हजारो मडकी. मोचे या तिथल्या प्राचीन लोकांनी घडवलेले माणसांचे चेहरे, एक हसणारा, एक डोळा गेलेला, एक आमच्या मामांसारखा हुबेहूब. बटाट्याच्या आकाराचं मडकंही आहे, डोळ्यांसकट. बटाटा मूळचा त्यांचाच. तिथे त्याला 'पापा' म्हणतात. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला, आणि तो शब्द मुळात रताळ्याचा.

रताळं म्हटलं की सेविचे आलं, म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा. 2023 साली जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत लिमाचं सेंत्राल पहिलं आलं, 2025 साली लिमाचंच माइदो. अशा ठिकाणी काही महिने आधी टेबल राखावं लागतं. आम्ही उशिरा जागे झालो, त्यामुळे तिथलं काही सांगत नाही. पण दुपारी साध्या ठिकाणी सेविचे खाल्लं. दुपारीच, कारण मासळी सकाळची असते आणि रीतीची दुकानं संध्याकाळी बंद. कच्चा मासा म्हणून मी नाक मुरडलं होतं. लिंबाच्या रसात मासा काही मिनिटांत पांढरा होतो, वर उभा चिरलेला कांदा, मिरची, बाजूला उकडलेलं रताळं आणि बोराएवढे मक्याचे दाणे. खाली उरलेल्या आंबट-तिखट रसाला 'वाघाचं दूध' म्हणतात. आपल्याकडे वाघिणीचं दूध म्हणजे इंग्रजी. हे जास्त पचलं.

सगळ्यात योग्य खर्च झाला तो दिवसभराच्या गाडीचा. शहराच्या दक्षिणेला पाचाकामाकचे मातीचे अवशेष आहेत, तिकडे निघालो. वाटेत टेकड्या, झाड औषधालाही नाही, आणि उतारावर फळ्या-पत्र्यांची घरं वरपर्यंत चढत गेलेली. प्रत्येक दारात निळं पिंप. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "पाणी, सेन्योरा. टँकर येतो." टँकर आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. नळ असलेल्यांपेक्षा हे लोक लिटरमागे कितीतरी जास्त मोजतात. कुठेकुठे धुक्यात जाळ्या उभारून त्यांवर जमलेले थेंब पिंपात साठवतात. एका टेकडीवर श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांच्यामध्ये भिंतच घातली होती, ती पाडायचा निकाल तिथल्या घटनात्मक न्यायालयाने दिला.

संध्याकाळी हॉटेलसमोरच्या कड्यावर आलो. तिथे लांबच लांब बाग आहे, हिरवळ आपल्याकडच्या श्रावणासारखी. ज्या शहरात पाऊस नाही तिथे गवताचं प्रत्येक पातं कोणीतरी पाणी घालून वाढवलेलं असतं, हे त्या दिवशी ध्यानात आलं. धुक्यात एक माणूस रबरी नळी धरून उभा होता. मी समुद्राकडे पाठ करून त्यालाच बघत बसले.

खोलीत संगमरवरी टब होता, दोन माणसं झोपतील एवढा. चार दिवस आम्ही तो भरभरून वापरला होता. त्या रात्री नवऱ्याने रिसेप्शनला फोन करून बादली मागितली. दहा मिनिटांनी पांढरे हातमोजे घातलेला मुलगा आला, ताटात चकचकीत बादली, आत बर्फ, शेजारी दोन उंच पेले. नवऱ्याने त्याचे आभार मानले, बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि त्याच बादलीने अंघोळ केली. अडीच बादल्या लागल्या.