कोलशेतची सनद

मी ठाण्यात जुने कागद दुरुस्त करते. बहुतेक मोडी दप्तरं. गेल्या पावसाळ्यात कोलशेतहून एक आजोबा पुतण्याला घेऊन आले. बाजाराच्या पिशवीत, जुन्या धोतरात गुंडाळलेलं चर्मपत्र. खाली पट्टीला लोंबणारा मेणाचा शिक्का, बशीएवढा, अर्धा तुटलेला. सिंहासनाचा पाया आणि राजाचे गुडघे तेवढे शिल्लक.

"आमच्या जमिनीची सनद. इंग्रजांच्या राजाची," आजोबा म्हणाले. त्यांचे वडील भायखळ्याला एका गोऱ्या साहेबाकडे माळी होते. साहेबाने देश सोडताना दिलेली. बिल्डरशी बोलणी चालू होती, त्यामुळे पुतण्याला घाई. येताना लॅमिनेशन करून आणणार होता म्हणे! अंगावर काटा आला. कातडं ते, मशीनच्या उष्णतेने सुक्या बोंबलासारखं आकसलं असतं. शिक्काही आपल्या लाखेचा नव्हे, मधमाशीचं मेण आणि राळ यांचा. त्याचं तर पाणीच.

लॅटिन मला येत नाही. दुसरा जॉर्ज आणि कारकिर्दीचं तिसरं वर्ष एवढं लागलं, म्हणजे १७२९-३०. तिथेच पाल चुकचुकली. तेव्हा ठाणं पोर्तुगीजांकडे. मराठ्यांनी घेतलं ते १७३७ मध्ये. इंग्रजांचा राजा कोलशेतची जमीन देणार कुठून? पण आजोबांना सांगायला जीभ रेटेना. बाकीचा मजकूर वसईच्या ओळखीच्या फादरांनी आठवडाभर खपून लावला.

निघाला इंग्लंडातल्या एसेक्समधल्या कुरणाचा दावा. तोही लुटुपुटीचा! वारसांसाठी बांधून ठेवलेली जमीन तिकडे सरळ विकता येत नसे. मग घेणाऱ्याने मालकाशी संगनमताने दावा लावायचा, जमीन माझी म्हणून. मालकाने म्हणायचं, मला या जमिनीच्या हक्काची हमी अमक्याने दिली. हा अमका म्हणजे बहुधा कोर्टात पुकारा करणारा शिपाई. तो मुदत मागून बाहेर जाई, तो गायबच. निकाल दावेदाराच्या बाजूने. आणि वारसांनी भरपाई मागायची त्या कफल्लक शिपायाकडे. १८३३ च्या कायद्याने हा खेळ बंद केला, तोवर शतकानुशतकं न्यायाधीश गंभीर चेहऱ्याने तो पाहत बसले. वर राजाचा शिक्का!

पुतण्याचा चेहरा पडला. आजोबा मात्र खो खो हसले. "म्हणजे तिकडेही डमी उभा करायचे!"

शिक्क्याच्या कडा पक्क्या करून, श्वास घेईल अशा पेटीत मी ते बसवून दिलं. पैसे मोजताना आजोबा हळूच म्हणाले, "बाई, बिल्डरच्या माणसाला हा शिक्का दाखवून झालाय आमचा. तो विचारायला आला, तर लॅटिन येत नाही म्हणून सांगा."