सात प्लेटचा एचएचओ ड्राय सेल: गळती, करंट आणि तपकिरी पाणी

एचएचओ सेल म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू काढणारा डबा; मायलेज वाढतं म्हणून लोक तो गाडीला लावतात. माझा सेल टेबलावर चालू आहे. गाडीला जोडलेला नाही. का नाही, ते खाली आकड्यांत येतंच.

जोडणी अशी: ३१६ एल स्टेनलेसच्या १ मिमी जाड ७ प्लेट, १५० बाय १५० मिमी. पहिली धन, शेवटची ऋण, मधल्या पाच न्यूट्रल, म्हणजे त्यांना वायर नाही. प्लेटमध्ये सहा गाळे, म्हणजे पाण्याच्या फटी, पडतात आणि १३.८ व्होल्ट सहांत वाटले की एका गाळ्याला २.३ येतात. पाणी फुटायला किमान १.२३ लागतात, बाहेरून उष्णता न घेता फुटायला १.४८. त्यावरचं सगळं तापण्यात जातं. दोनच प्लेट थेट १२ व्होल्टला लावलेला सेल चहाच्या किटलीसारखा उकळतो तो यामुळे.

३०४ चा पत्रा स्वस्त पडतो, पण धन बाजू लवकर खाल्ली जाते. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही जवळपास चिकटत नाहीतच. भंगारातला तुकडा घेण्यापेक्षा टेस्ट सर्टिफिकेट मागून नवा पत्रा घ्यावा.

प्लेट ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्या-उभ्या घासल्या, भोकांच्या कडेची धारदार बर कानशीने काढली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. यानंतर हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेवढ्या जागी बुडबुडे चिकटून बसतात.

गॅस्केट ३ मिमी ईपीडीएम रबराचे. प्लेटमधले सहा आणि टोकांचे दोन मिळून आठ. सुटा थर ३१ मिमी भरतो. ८ मिमीचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत व्हर्नियरवर चारही कोपऱ्यांत २७ येईपर्यंत आणलं, फरक ०.२ च्या आत. बोल्टना हीट-श्रिंकची नळी हवीच, नाहीतर बोल्टच धन-ऋण जोडून टाकतो. पहिल्यांदा तापून थंड झाला की एक कोपरा २७.४ दाखवतो आणि तिथूनच पाझरतो, त्यामुळे दुसऱ्यांदा आवळणं हा कामाचाच भाग धरा. गळती तपासायची ती हवा भरून, साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून कधीच नाही.

टोकांना पॉलिकार्बोनेट प्लास्टिक वापरू नका, पाण्यात घालायचं कॉस्टिक पोटॅश तीव्र अल्कली आहे, ते त्याला खातं. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ती फिटिंगही नको: दोन्ही धातू कॉस्टिकमध्ये विरघळतात आणि स्वतःच हायड्रोजन सोडत बसतात.

पाणी डिस्टिल्ड, त्यात वीज वाहायला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). १ लिटरला २० ग्रॅमपासून सुरुवात, मग ५-५ ग्रॅम वाढवत. पोटॅश पाण्यात टाकायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही, भडकून अंगावर उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो. खाण्याचा सोडा टाकला तर वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि मापाचा अर्थच राहत नाही.

सगळ्यात फसवं प्रकरण करंटचं. थंड असताना क्लॅम्प मीटरवर १० अँपिअर बसवले आणि सोडून दिलं की पाणी तापतं, तापलेलं पाणी जास्त वाहक होतं, करंट चढतो, पाणी आणखी तापतं. म्हणून पोटॅश थंड पाण्यावर ठरवायचं नाही. ६ अँपिअरवर थांबायचं, अर्धा तास चालवून मग पाहायचं. किंवा सरळ करंट बांधून ठेवणारा सप्लाय घ्यायचा. पीडब्ल्यूएमने, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करून, सरासरी करंट आवरता येतो, एवढंच. अमुक फ्रिक्वेन्सीला पाणी ‘आपोआप फुटतं’ ही गोष्ट सोडून द्या.

वायू मोजायला १ लिटरची बाटली पाण्याने भरून टबात उलटी, आणि हातात स्टॉपवॉच. फॅरेडेच्या हिशेबाने २५ अंशांना एका गाळ्यातून एका अँपिअरला मिनिटाला ११.४ मिली वायू निघतो. सहा गाळे, १० अँपिअर म्हणजे ६८४ मिली. यापेक्षा जास्त भरला तर आनंदू नका, वाफ मोजताय. ६० अंशांवरच्या वायूत जवळपास पाचवा हिस्सा वाफ असते. टबातलं पाणी खोलीच्या तापमानाचं असेल तरच आकडा लिहावा.

पहिलं माप: १०० सेकंदांत १ लिटर, म्हणजे मिनिटाला ६०० मिली. कमतरतेचं कारण भोकं. सगळ्या प्लेटची खालची भोकं एका रेषेत होती, आणि करंटचा काही भाग न्यूट्रल प्लेट चुकवून भोकांतल्या पाण्यातूनच पलीकडे जात होता. न्यूट्रल प्लेट एकाआड एक फिरवून खालचं भोक कधी डावीकडे, कधी उजवीकडे आणलं. आता ९२ सेकंद, म्हणजे ६५२. पाणी तासाला जेमतेम २० मिली लागतं.

सुरुवातीचे काही तास पाणी तपकिरी होतं, तो बहुतेक लोखंडाचा गाळ. २-३ अँपिअरवर चालवून, ओतून, परत भरत राहिलं की कमी होतो. गाळ बसल्यावर वरचं पाणी पिवळं दिसलं तर मात्र प्रकरण वेगळं: तो विषारी क्रोमेट. करंट प्लेटच्या मानाने जास्त होतोय किंवा पत्रा हलका आहे. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, बंद डब्यात ठेवायचं.

बबलर, म्हणजे वायू ज्यातल्या पाण्यातून जातो आणि उलटी आलेली ठिणगी विझते तो डबा, त्याबद्दल कंजुषी नको. हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन पेटायच्याच प्रमाणात मिसळलेला असतो, ठिणगी नळीतून उलटी येते. बबलरमध्ये पाण्यावरची मोकळी जागा कमीत कमी, झाकण दाबाने उडून जाईल असं, आणि वायू साठवून ठेवणं पूर्ण बंद.

आता मायलेज. १० अँपिअरच्या वायूत साधारण ७५ वॉटची उष्णता. त्यासाठी अल्टरनेटरकडून १३८ वॉट घेतले. अल्टरनेटर ५५ टक्के आणि इंजिन २५ टक्के कार्यक्षम धरलं तर पेट्रोलमधून सुमारे १००० वॉट गेले. तासाला ३ लिटर पिणाऱ्या इंजिनाच्या पेट्रोलशी तुलना केली तर ७५ वॉट म्हणजे पाव टक्क्याहून थोडं जास्त. कोणी ३० टक्के वाढ सांगितली तर टाकी कशी भरून मोजली ते आधी विचारा. शिवाय इग्निशन चालू आणि इंजिन बंद राहिलं तर वायू इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेत (इनटेकमध्ये) साठत जातो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत ती वेगळीच.

पुढचं काम: न्यूट्रल प्लेटची खालची भोकं ६ वरून ४ मिमीवर आणून ९२ सेकंद आणखी खाली येतात का पाहणं, आणि करंट ७ अँपिअरवर ठेवून पिवळेपणा येतो का ते आठवडाभर बघणं.