सहा नंबरचं बटण

१९९८ साली निपाणीत मामाच्या केबलवर मी वायरी ओढायचो. गल्लीतले निम्मे टीव्ही बारा बटणांचे. छत्रीवरून तीसेक चॅनेल यायचे, पण पहिल्या बारांत कोण बसणार ते मामा ठरवायचा. कन्नड पाहिजे, मराठी पाहिजे, क्रिकेट तर पाहिजेच. उरलेले वरच्या बँडवर, म्हणजे जुन्या सेटवाल्यांसाठी नसल्यातच जमा.

माझी आवडती इंग्रजी अंतराळयानाची मालिका सत्तावीस नंबरवर होती. बघणारा मी एकटा, तेही कंट्रोल रूममधल्या मॉनिटरवर. त्याच वर्षी दूरदर्शनवर आलेला मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' मात्र तंबाखूच्या वखारीतल्या पोरांनाही पाठ. ती माझ्या मालिकेपेक्षा भारी होती म्हणून नव्हे (मला आजही तसं वाटत नाही); साध्या अँटेनावर दिसायची म्हणून.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या मालिकेचंही असंच झालं, हे पुढं वाचलं. एनबीसी या चॅनेलनं तिसऱ्या वर्षी ती शुक्रवारी रात्री दहाला टाकली. बघणारी तरुण पोरं त्या वेळी घरात कुठली सापडायला? १९६९ ला बंद. पण तोवर ७९ भाग झाले होते, रोज एक दाखवायला पुरतील एवढे. गावोगावच्या स्टेशनांनी ते संध्याकाळी फिरवले आणि बंद पडलेल्या मालिकेला प्रेक्षक मिळाले. 'द एक्स्पान्स' या अलीकडच्या अंतराळ-मालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. सायफाय चॅनेलकडं हक्क फक्त टीव्हीवर पहिल्यांदा दाखवण्याचे. नंतर कुणी दुसरीकडं बघितलं तर त्यांच्या पदरात काय? तीन सीझननंतर २०१८ ला त्यांनी सोडली. ॲमेझॉननं उचलून आणखी तीन केले.

आमच्याकडं एका पावसात सहा नंबरचा रिसीव्हर जळाला. पडद्यावर मुंग्या कशाला, म्हणून मी सत्तावीसची वायर तिथल्या मॉड्युलेटरला (चॅनेल केबलवर चढवणाऱ्या डब्याला) जोडली. तीन दिवस तसंच चाललं. चौथ्या दिवशी नवा रिसीव्हर आला, जुनं चॅनेल परत लावलं. संध्याकाळी वसुलीला गेलो तर कोपऱ्यावरच्या मावशींनी दारातच अडवलं. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्यांना.

"त्ये विमानातल्या माणसांचं कुठं गेलं रं? परवा त्यास्नी कोंडलं हुतं. सुटली का न्हाईत?"

"सुटली, मावशी."

"मग दाव की! पैसं काय फुकट देतोय व्हय?"

मामा काही सहा नंबर सोडायला तयार झाला नाही. मग पुढचे काही महिने वसुलीबरोबर मी गोष्टही सांगत होतो.