बाबांचा एक प्रश्न

मंगळवार, रात्री

आई-बाबा आमच्याकडे टोरांटोला येणार, त्यांच्या ट्रिपचं सगळं एका फाइलमध्ये नीट मांडून पाठवलं होतं. तारखा, विमानं, नायगरा कधी, सीएन टॉवर कधी, कोणत्या शनिवारी कोणाकडे जेवण. आईने विचारलं, भाजणी आणू का. बाबांनी सगळं वाचलं आणि फोनवर एवढंच विचारलं, "सोमवार ते शुक्रवार तुम्ही ऑफिसात. मग मला एकट्याला बाहेर पडता येईल ना गं?"

मी "हो हो, येईल की" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

जाणार कसं? अख्खी हयात डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाऊन आलेला माणूस. उद्यान एक्स्प्रेस लेट असली तर कोणती फास्ट मागे पडेल हे घड्याळ न बघता सांगणारे. त्यांना हे विचारावं लागलं, आणि माझ्या फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. शनिवार-रविवारचे रकाने गच्च आणि मधले पाच दिवस कोरे. इकडे आलेल्या सगळ्यांच्याच आई-वडिलांच्या वाट्याला ते कोरे रकाने येतात. बाराव्या मजल्यावरची बाल्कनी, खाली पार्किंग, टीव्हीवर तिकडच्याच बातम्या, आणि संध्याकाळी सहा वाजता दाराकडे लागलेले डोळे.

थोडं रडूही आलं खरं. दोन्हीकडे पुरे पडत नाही आपण. सुट्टी मोजून मिळते, ती नायगरात आणि एअरपोर्टवर संपते. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांना घरात कोंडून ठेवल्यासारखं होतं.

आता साडेअकरा वाजलेत. रडून झालंय. फाइल पुन्हा पहिल्यापासून, बाबांच्या प्रश्नाकडून लिहायची असं ठरवलंय.

आधी महिना. एकट्या माणसाला बाहेर पडायचं तर दोन गोष्टी हव्यात, पायाखाली कोरडा रस्ता आणि डोक्यावर उजेड. टोरांटोत डिसेंबरअखेर सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो, आणि फुटपाथवर वितळून पुन्हा गोठलेला बर्फाचा पातळ थर दिसतच नाही. ह्या वयात तिथे पाय घसरला म्हणजे ट्रिपच संपली. जुलै-ऑगस्टला उजेड भरपूर, पण तिकिटं महाग आणि दमट उकाडा. त्यासाठी डोंबिवली सोडायची गरज नाही. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला हाय पार्कमध्ये चेरीचा बहर असतो, पण तेव्हा आईला निघता येणार नाही. राहता राहिलं ते गणपती उठले की निघायचं आणि दिवाळीला घरी. म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर. ह्या दिवसांत सूर्यास्त सव्वासातवरून सहाच्या आसपास येतो, हवा सकाळी आठ-दहा अंश आणि दुपारी पंधरा-सोळा, झाडं लाल-पिवळी, आणि बर्फ बहुधा नाहीच. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्याच्या आत परत.

मग रस्ता. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आपण टीटीसीचा, म्हणजे इथल्या बस-सबवे सेवेचा, अख्खा नकाशा दाखवतो, आणि तो घाबरून घडी घालून ठेवून देतो. बाबांना अख्खा नकाशा नकोच आहे. त्यांना एक लाइन पुरे. आमच्या इथून किपलिंग स्टेशन चालत दहा मिनिटं, आणि किपलिंग हे लाइन 2 चं पश्चिमेचं टोक. हिरवी लाइन, ब्लूर रस्त्याला धरून सरळ पूर्वेला केनेडीपर्यंत, 31 स्टेशनं. गाडी दर चार-पाच मिनिटांनी. जाताना पाटी वाचायची, "ईस्टबाउंड, केनेडी". येताना "वेस्टबाउंड, किपलिंग". चुकून पुढे गेले तर उतरायचं, समोरच्या दिशेची गाडी धरायची. आणि येताना डोळा लागला तरी काही बिघडत नाही, कारण किपलिंगच्या पुढे गाडी जातच नाही. ह्या एका गोष्टीने मला आज सगळ्यात जास्त धीर दिला. आपलं घर लाइनच्या टोकाला आहे ह्याचं एरवी किती वाईट वाटून घेतलं होतं.

आता ह्या लाइनवर बाबांचा एकेक दिवस.

ओल्ड मिल पहिल्या दिवशी, कारण चौथंच स्टेशन आणि तिथे गाडी जमिनीवर येते, खाली हंबर नदी दिसते. स्टेशनातून बाहेर पडून नदीच्या काठाने उत्तरेकडे चालायचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, ऑन्टारिओ सरोवरातून सामन मासे वर चढतात. नदीवर छोटे बंधारे आहेत. बंधाऱ्याखाली पाणी फेसाळलेलं असतं, त्यात काळपट पाठ क्षणभर दिसते आणि हातभर लांब मासा सपकन हवेत उसळतो. बहुतेक वेळा काँक्रीटवर आपटून मागे पडतो. पुन्हा उसळतो. काठावर लोक तासन् तास उभे असतात, कोणी कोणाशी बोलत नाही, पण एखादा वर पोचला की सगळे एकदम "आऽऽ" करतात. सरोवरातला मूळचा अटलांटिक सामन एकोणिसाव्या शतकाअखेरीस संपला. आता दिसतो तो मुख्यतः पॅसिफिकचा चिनूक, 1960 च्या दशकाच्या शेवटी सोडलेला. हे बाबांना आधी सांगायचं, मग त्यांना तो बघताना दुप्पट मजा येईल. हा कार्यक्रम फुकट आहे, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, आणि पाच-दहा दिवस रोज गेलं तरी रोज नवा.

हाय पार्क दुसरं. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे बाग, जवळजवळ 400 एकर. तिथे पायवाटा उताराच्या आहेत, आईने मोठ्या रस्त्यानेच जावं.

ब्लूर-यंग तिसरं. तिथून उत्तरेला दोन मिनिटांवर टोरांटो रेफरन्स लायब्ररी. रेमंड मोरियामा ह्या वास्तुकाराने बांधलेली, 1977 साली उघडली. आत शिरलं की मध्ये पाच मजले रिकामे आणि भोवती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे सरकणाऱ्या पुस्तकांच्या गॅलऱ्या. आत बसून वाचायला कार्ड लागत नाही, कोणी हटकत नाही. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, वायफाय आहे, ऊब आहे. पावसाच्या दिवशी हेच. मला वाटतं बाबांचा खरा मुक्काम इथेच पडणार.

त्याच्या पुढे कॅसल फ्रँक सोडलं की गाडी बोगद्यातून बाहेर येऊन पुलावर चढते. प्रिन्स एडवर्ड व्हायडक्ट. पूल 1918 चा, त्यावरून सबवे सुरू झाली 1966 ला. पण बांधतानाच खालचा मजला पुढेमागे रेल्वे जाईल म्हणून करून ठेवला होता. जवळजवळ पन्नास वर्षं आधी! बाबा हे ऐकून खूश होणार. ऑक्टोबरच्या मध्याला डावी-उजवीकडे डॉन नदीचं खोरं भरून रंग असतात. खिडकीशी उभं राहायचं, अर्ध्या मिनिटात संपतं.

कॉक्सवेलला उतरून 22 नंबरची बस दक्षिणेला जेरार्ड स्ट्रीटपर्यंत. जुना इंडिया बाजार. 1972 साली तिथल्या नाझ थिएटरमध्ये हिंदी चित्रपट लागू लागले, त्याच्याभोवती दुकानं जमली. आता खरा बाजार ब्रॅम्प्टन-मिसिसागाला गेलाय, पण पान मिळतं.

ह्या सगळ्यात काय बिघडू शकतं, तेच जास्त महत्त्वाचं.

कार्ड. क्रेडिट कार्ड टॅप करूनही गेट उघडतं, पण मग मोठ्यांचं भाडं कापतं, 3.30 डॉलर. 65 च्या वरच्यांना प्रेस्टो ह्या इथल्या प्रवासाच्या कार्डावर 2.25 पडतं, फक्त कार्डावर ज्येष्ठांची सवलत आधी चढवून घ्यावी लागते. शॉपर्स ड्रग मार्ट ह्या औषधांच्या दुकानात पासपोर्ट दाखवून होतं. एकदा टॅप केलं की दोन तास बस-सबवे-स्ट्रीटकार कितीही बदला, उलट दिशेलाही या. मात्र प्रत्येक गाडीत नव्याने टॅप करायचंच. पैसे कापत नाहीत, पण तपासनीस आला तर तेच बघतो. टीटीसीत उतरताना टॅप नाही. उपनगरांतली गो ट्रेन आणि एअरपोर्टची अप एक्सप्रेस ह्यांत उतरतानाही टॅप लागतं, विसरलं की लांबचं भाडं जातं. हे दोन्ही एकदम सांगितलं तर गोंधळ होईल, म्हणून बाबांना फक्त टीटीसीचं सांगायचं.

बसमध्ये दोरी ओढली नाही तर बस थांबत नाही. स्टॉपवर कोणी उभं नसेल तर सरळ पुढे.

स्वच्छतागृह. बाबा हे विचारणार नाहीत आणि त्यापायी घरीच बसतील, एवढं मी त्यांना ओळखते. सबवेच्या बहुतेक स्टेशनांत ते नाही. किपलिंगला आहे, केनेडीला आहे. मधे लायब्ररी, म्युझियम, मॉल. म्हणून रोजचा रस्ता स्वच्छतागृहाच्या हिशोबानेच आखायचा. टिम हॉर्टन्समध्ये छोटी कॉफी घेतली की तिथलंही वापरता येतं, लाजायचं कारण नाही.

रस्ता ओलांडणं. मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच आहे. आपली मान जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. शिवाय इथे सिग्नल लाल असतानाही उजवीकडे वळायला परवानगी आहे. ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत पुढे सरकत असतो आणि त्याच्या उजव्या हाताला चालणारा माणूस त्याला दिसतच नाही. पांढरा माणूस दिसला की लगेच पाऊल टाकायचं नाही. वळणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी नजर मिळाली, तो थांबला, मग निघायचं. हे फोनवर सांगून उपयोग नाही, बरोबर उभं राहून चार-पाच वेळा करून घ्यायला हवं. स्ट्रीटकार रस्त्याच्या मधोमध थांबते. दार उघडं असताना मागच्या गाड्यांनी थांबायचा कायदा आहे, तरी खाली पाय ठेवण्याआधी उजवीकडे बघायचं.

खिशात एक चिठ्ठी: पत्ता, इमारतीच्या बझरचा कोड, माझा नंबर, आणि जवळचा चौक. इथे कोणी घर नंबर विचारत नाही, "मेजर इंटरसेक्शन" विचारतात. "किपलिंग अँड ब्लूर" म्हटलं की कोणीही वाट दाखवतो. दाराचा जास्तीचा फॉब, म्हणजे इलेक्ट्रॉनिक किल्ली, आत्ताच मागून ठेवायचा, नाहीतर बाबा खाली लॉबीत कोणाची तरी वाट बघत उभे राहतील. इथलं प्रीपेड सिम पहिल्याच दिवशी.

आणि पहिले चार दिवस एकटं जायचं नाही. साडेनऊ तासांचा फरक आहे. पहाटे तीनला टक्क जाग आणि दुपारी दोनला डोळे मिटलेले. त्या झोपेत रस्ता ओलांडायचा नाही. त्या शनिवार-रविवारी नायगरा रद्द करून लाइन 2 करायची, मी त्यांच्या मागे दहा पावलं. पाटी त्यांनी वाचायची, टॅप त्यांनी करायचं. नायगरा कुठे जात नाही.

नायगरा 130 किलोमीटर, गाडीने दीड-दोन तास. बोटी हिवाळ्यात बंद होतात, ऑक्टोबरात चालू असतात. रेनकोट देतात, बुटांची दुसरी जोडी आपण न्यायची. सीएन टॉवरचं तिकीट आधीपासून काढायचं नाही, ढग असले तर 346 मीटरवर जाऊन पांढरं काहीतरी बघून परत. आदल्या रात्री हवामान बघून काढायचं.

व्हिसाचं काम सरळ आहे. शुल्क 100 डॉलर माणशी, बायोमेट्रिक्सचे दोघांचे मिळून 170. सातबारा जोडायचा तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला साधारण सहाच महिने राहता येतं.

विमा मात्र मला आता, ह्या क्षणी, बोचतोय. पाहुण्यांना ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, लागू नाही, हॉस्पिटलचा सगळा खर्च खिशातून. आधीपासूनचे आजार बहुतेक पॉलिसी तेव्हाच धरतात जेव्हा ते निघण्याआधी ठरावीक काळ, कुठे 90 दिवस, कुठे 180, "स्थिर" असतील. गोळी बदलली, डोस वाढवला, एवढंच काय कमी केला, तरी ती स्थिरता मोडली असं धरतात. आणि बाबा दर वर्षी ऑगस्टमध्ये चेकअपला जातात, आणि डॉक्टर दर वर्षी बीपीच्या गोळीत काहीतरी फिरवतात. म्हणजे चेकअप ह्या वर्षी मार्चच्या सुरुवातीलाच करून घ्यायचं, जो काय बदल व्हायचा तो तेव्हाच होऊ दे, आणि पुढे निघेपर्यंत गोळ्यांना हात लावायचा नाही. पॉलिसी निघायच्या आधी घ्यायची, इथे पोचल्यावर घेतली तर सुरुवातीचे काही दिवस आजारपण धरत नाहीत. प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या 90 दिवसांपर्यंतच्या आणता येतात, मूळ पाकिटात. आईच्या त्या वारांच्या प्लॅस्टिक डबीत काढून नाही. उद्या डोंबिवलीत सकाळ झाली की आधी डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगते.